त्यांची आई कुठे आहे?

२०२४च्या रमजानचा तिसरा रोजा होता, मार्चची १४ तारीख. शाळा सुटली होती आणि मी मोटारसायकलला किल्ली लावत होतो. तेवढ्यात सातवीतली तीन मुलं धावत आली. एकाच्या हातात बुटांचं रिकामं खोकं होतं.

"सर, कुणीतरी टाकून दिलीत," तो म्हणाला आणि त्यानं झाकण उघडलं.

आत मांजराची चार पिल्लं होती. डोळे घट्ट मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, पोटाला वाळलेल्या नाळेचा तुकडा. एकमेकांच्या अंगावर चढत होती आणि तोंडं उघडत होती, पण आवाज फारसा येत नव्हता. मुलांना ती मळ्याच्या वाटेवर, एका वस्तीच्या गोठ्यामागं, वाढ्यांच्या ढिगात सापडली होती. मार्चमध्ये आमच्या टेंभुर्णीकडं कारखान्यांचा पट्टा पडायला आलेला असतो. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या महामार्गावरून जात असतात आणि गोठ्यागोठ्यात जनावरांसाठी वाढ्यांचे ढीग पडलेले असतात.

मी म्हणालो, "अरे, मी काय करू यांचं?"

त्यावर तो मुलगा म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, त्या बाईचं."

रमजान सुरू व्हायच्या आधी मी वर्गात एक हदीस सांगितली होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. एका बाईनं मांजराला डांबून ठेवलं. तिला स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन जमिनीवरचे किडेमुंग्या, उंदीर खायला मोकळंही सोडलं नाही. मांजर मेली आणि ती बाई त्या पापानं आगीत गेली. वीस वर्षं मी ही गोष्ट मुलांना सांगत आलोय. मुलं गंभीर चेहऱ्यानं ऐकतात, मलाही आपण काहीतरी चांगलं शिकवल्यासारखं वाटतं. त्या दिवशी ती गोष्ट बुटांच्या खोक्यात बसून माझ्याकडं परत आली होती. मी खोकं घेतलं.

घरी आल्यावर अम्मीनं चष्मा लावून आत पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इनकी मां किधर है?"

"नहीं है," मी म्हणालो.

"देखा तूने?"

मी उत्तर दिलं नाही. इफ्तारची वेळ होत आली होती, घरात गडबड होती. अम्मीही पुन्हा बोलली नाही. तो प्रश्न तिथंच राहिला.

रात्री आम्ही पिल्लांना दूध पाजलं. म्हशीचं दूध, त्यात निम्मं पाणी, चिमूटभर साखर, कोमट करून. माणसाच्या बाळासारखं एकेकाला उताणं धरलं आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब तोंडात सोडले. लेक दहावीत होती, परीक्षा चालू होती, तरी ती पुस्तक मिटून येऊन बसली. पिल्लं गप्प झाली. आम्हाला वाटलं, पोट भरलं. खोक्यात जुनी ओढणी अंथरली, खोकं स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलं आणि मी तरावीहला निघून गेलो.

सहेरीला उठलो तेव्हा चारातलं एक थंड झालं होतं. दुसऱ्याचं पोट फुगलं होतं, मागचा भाग पिवळ्या जुलाबानं भरला होता. लेकीनं विचारलं, "अब्बू, आपण तर दूध दिलं होतं ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडून मिळालं. आमच्याकडचा जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई, म्हशी, शेळ्यांचा डॉक्टर. मांजराची पिल्लं घेऊन आलेला माणूस त्यांना रोज भेटत नसावा. पण त्यांनी खोकं टेबलावर ठेवून घेतलं, एकेक पिल्लू तळहातावर घेतलं आणि मला शाळेत बसवल्यासारखं शिकवायला सुरुवात केली.

ते म्हणाले, पहिली गोष्ट ऊब. इतक्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर कुडकुडताही येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची शेकोटी. अंग थंड पडलं की आतडीही काम थांबवतात. तेव्हा पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच राहतं. म्हणून आधी ऊब, मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. सगळ्या खोक्यात नाही, नकोसं झालं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट दूध. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. गाईम्हशीच्या दुधातली साखर पिल्लांना झेपत नाही आणि जुलाब लागतात. एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे काही तासांत अंगातलं पाणी संपणं. वर आम्ही त्यात पाणी घालून होतं तेवढं सत्त्वही निम्मं केलं होतं. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती टेंभुर्णीत नाही, पुण्याहून किंवा सोलापूरहून आणायची. तोवर दोन-तीन दिवस शेळीचं दूध चालवा, म्हणाले.

तिसरी गोष्ट पाजायची पद्धत. पिल्लू आईला पालथं पितं, पोटावर. उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. सुई काढलेली छोटी सिरिंज घ्यायची, दर दोन-तीन तासांनी, एका वेळी दोन-तीन मिली, सावकाश.

चौथी गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. एवढ्या लहान पिल्लाला आपणहून लघवी आणि शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं प्रत्येक वेळी पाजल्यावर पुसायचं. नाहीतर पोट भरलेलं पिल्लूही मरतं.

मी वहीत लिहून घेत होतो. बीएडला बालमानसशास्त्राच्या तासाला लिहून घ्यायचो तसं. मनात एकच चाललं होतं. आम्ही त्या पिल्लाशी निर्दयपणे वागलो नव्हतो. आम्ही त्याला प्रेमानं मारलं होतं. उताणं धरून, साखर घालून, उबेशिवाय.

निघताना डॉक्टरांनी वजन बघायला सांगितलं. रोज साधारण दहा ग्रॅम वाढलं तर पिल्लू ठीक, थांबलं तर धोका. दहा ग्रॅम मोजायचा काटा आमच्या घरी कुठला? ओळखीच्या सोनाराकडं गेलो. त्यांनी काट्यावर कागद टाकला आणि तिघांना एकेक करून ठेवलं. सगळ्यात मोठं ११२, मधलं ९९, लहान ९१. "गुरुजी," ते हसून म्हणाले, "दहा ग्रॅमचा तोळा धरला तर रोज एक तोळा वाढलं पाहिजे म्हणा की." तेव्हापासून आमच्या घरात पिल्लांचं वजन तोळ्यातच निघू लागलं.

रमजान होता म्हणून ते दिवस निभावले. घर तसंही अर्धी रात्र जागं असतं. तरावीहनंतर एक फेरी, बाराला एक, अडीचला एक, मग सहेरीची. बेगमनं आणि मी पाळ्या लावल्या. शेजारच्या वस्तीवरून रोज सकाळी शेळीचं पावशेर दूध येऊ लागलं. नमाजच्या आधी कपडे बदलावे लागायचे, कारण पिल्लं अंगावर लघवी करायची आणि ती नापाक. मांजराचं तोंड मात्र नापाक नाही, त्याबद्दल अबू कतादांची हदीस आहे. ते वुजू करायला बसले होते. मांजर आली, त्यांनी पाण्याचं भांडं तिच्यासाठी तिरकं केलं. सून कब्शा नवलानं बघू लागली तेव्हा त्यांनी तिला प्रेषितांचं म्हणणं सांगितलं, की मांजर अपवित्र नाही, ती तर तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. मूळ अरबीत 'वावरणारे' यासाठी जो शब्द आहे, तो तवाफ ज्या धातूपासून होतो त्याच धातूपासून झालाय. भोवती फिरणारे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला असे शब्द चटकन दिसतात. फिरणं म्हणजे काय, ते मात्र मला रविवारी कळलं.

रविवारी, सहाव्या रोज्याला, मी शेळीच्या दुधाचे पैसे द्यायला गेलो आणि मुलांनी सांगितलेल्या त्या वस्तीवरूनच वाट होती म्हणून थांबलो. गोठ्यापाशी एक आजी शेण काढत होत्या. मी सहज म्हणालो, "आजी, इथं परवा कुणी मांजराची पिल्लं टाकली होती."

त्या सरळ उभ्या राहिल्या. "टाकली? कुनी टाकली? आवं, आमच्या भाटीचीच हुती ती. पाच हुती. येक तिनं माळ्यावर नेऊन ठिवलं आन् दुसरं न्यायला आली तर समदी गायब. दोन रोज वरडत फिरत हुती बघा, ढिगाभवती. खाल्लं न्हाई, प्याली न्हाई. तुमी न्हेली व्हय गुर्जी?"

काय बोलावं ते मला कळेना. आपल्याकडं म्हणतातच, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. लहानपणापासून ऐकलेलं. एक जागा असुरक्षित वाटली की ती दुसरी शोधते आणि मानेला धरून एकेक पिल्लू नेते. एका वेळी एकच नेता येतं, तेव्हा बाकीची मागं एकटीच असतात. नेमक्या त्या वेळी आमची मुलं तिथं पोचली होती. आणि मी, ज्याला सात घरांची म्हण पाठ होती, त्यानं 'टाकून दिलीत' हे तीन मुलांचं वाक्य तपासलंसुद्धा नव्हतं. अम्मीनं विचारलं होतं. देखा तूने?

तिथं गोठ्यापाशी उभं असताना मला दुसरी एक हदीस आठवली. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे, अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितलेली. प्रवासात काही साथीदारांना एक लहानसा लाल पक्षी आणि त्याची दोन पिल्लं दिसली. त्यांनी पिल्लं उचलून आणली. आई मागोमाग आली आणि पंख पसरून फडफडू लागली. प्रेषित परतले, त्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, हिची लेकरं घेऊन हिला कुणी दुखावलं? परत द्या तिला. साथीदारांनी पिल्लांना काही इजा केली नव्हती. कदाचित त्यांना ती आवडलीच असतील. तरी विचारणा आईच्या बाजूनं झाली.

वीस वर्षं मी वर्गात बाई आणि मांजराची गोष्ट सांगितली होती. ही पक्षिणीची गोष्ट मी वाचली होती, पण एकदाही सांगितली नव्हती. त्या तीन मुलांना दया करायला मी शिकवलं होतं. दया करण्याआधी आजूबाजूला बघायला शिकवलं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. शेजारी म्हणत होते, माणसाचा वास लागला की मांजर पिल्लू घेत नाही, मारून टाकते. डॉक्टर म्हणाले, "तसं काही नसतं गुरुजी. बहुतेक वेळा घेते. तिला एक पिल्लू आहे म्हणजे दूधही आहे. नेऊन बघा. फक्त तुम्ही लांब थांबा."

घरी जाऊन खोकं आणलं. गरम पाण्याची बाटली, ओढणी, तिन्ही पिल्लं. असरच्या सुमारास खोकं ढिगाजवळ ठेवलं, एक बाजू कापून उघडी केली आणि मी पन्नास पावलांवर बांधावर जाऊन बसलो. पिल्लं रडत होती, तो आवाज मला तिथंही येत होता. सूर्य उतरला. आजींनी तांब्याभर पाणी आणि मुठीत दोन खजूर आणून दिले. खजूर त्यांनी नातवाला दुकानात पाठवून आणवले होते. "तुमचा उपास हाय न्हवं," त्या म्हणाल्या. बांधावर बसूनच मी रोजा सोडला.

मगरिबनंतर थोड्या वेळानं ती आली. करडी, बारीक, पोट लोंबणारी. ढिगाला एक चक्कर मारली, मग आणखी एक. खोक्याशी थांबली, बराच वेळ हुंगत राहिली. मग आत शिरली आणि सगळ्यात मोठं पिल्लू मानेला धरून गोठ्याच्या भिंतीवरून वर गेली.

मी श्वास रोखून वाट बघत राहिलो. आता दुसरं नेईल, मग तिसरं. अर्धा तास गेला. तास गेला. ती आली नाही. रस्त्याकडून कुत्र्यांचा आवाज येऊ लागला. बाटली गार झाली होती. मी जाऊन हात लावला, तर दोन्ही पिल्लांचे पंजे थंड लागले. इशाची अजान झाली. मी दोघांना शर्टाच्या आत घेतलं आणि घरी आलो.

अजून अर्धा तास थांबायला हवं होतं का? बाटलीत पुन्हा गरम पाणी भरून आणायला हवं होतं का? आजी म्हणाल्या होत्या, ऱ्हाऊ द्या, ती येईल. मला कुत्र्यांची भीती वाटली. ते बरोबर केलं की दुसऱ्यांदा तीच घाई केली, हे मला आजही ठरवता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा खोकं घेऊन गेलो. ती फिरकली नाही. आजी म्हणाल्या, तिनं दोन्ही पिल्लं पलीकडच्या वस्तीवर हलवली.

दोन राहिली. आठवड्याच्या मध्यावर पुण्याहून येणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं दूध पावडरचा डबा आणला. त्याची किंमत ऐकून अम्मी म्हणाली, एवढ्यात आपली सहेरी होते. पण रोज दुपारी डब्याचं झाकण तीच तपासायची, नीट लागलंय का. अकराव्या रोज्याला एकाचा उजवा डोळा किलकिला झाला, दुसऱ्या दिवशी डावा. राखाडी निळे डोळे, अजून काही नीट दिसत नसलेले. लेक म्हणाली, नाव ठेवायचं नाही, जगू देत आधी.

तिचं बरोबर होतं. तेराव्या रोज्याच्या सहेरीला पाळी माझी होती. उठायला उशीर झाला. मशिदीच्या भोंग्यावर दहा मिनिटं राहिल्याची सूचना झाली होती. माझं ताट वाढलेलं, पिल्लं ओरडत होती. मी दोघांना पाजायला घेतलं आणि लहानग्याच्या तोंडात सिरिंज जरा जोरात दाबली. दूध नाकातून आलं. ते ठसकलं, मग शांत झालं. मला वाटलं, निभावलं. दुपारपर्यंत त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी औषध दिलं, पण चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं. संध्याकाळी इफ्तारच्या आधी ते लेकीच्या मांडीवर गेलं. तिनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही त्याला लिंबाखाली पुरलं, पहिल्याच्या शेजारी.

त्या रात्री तरावीहमध्ये माझं लक्ष लागलं नाही. हदीसमधल्या त्या बाईबद्दल मी विचार करत होतो. आजवर मी तिला दुष्ट समजत आलो होतो. पण हदीस तिच्या मनाबद्दल काहीच सांगत नाही. ती मांजराचा द्वेष करत होती, असं कुठं म्हटलेलं नाही. तिनं दार लावलं आणि आत काय हवं ते पुरवलं नाही, एवढंच तिच्या नावावर आहे. कदाचित तिलाही मांजर आवडत असेल. कदाचित कामाच्या गडबडीत विसरली असेल. कोंडणं दरवेळी दोरीनंच होतं असं नाही. मी मुलांच्या हातून खोकं घेतलं आणि झाकण लावलं, तेव्हाच त्या चार जिवांना आईकडं जायची वाट बंद झाली होती. त्यानंतर मला येतं की नाही, वेळ आहे की नाही, सहेरीला उशीर झाला की नाही, हे सगळं माझ्या खात्यावर होतं.

आपल्या याच मुलखात एका माणसानं हे फार आधी ओळखलं होतं. इथून तासाभराच्या अंतरावर पंढरपूर. तिथल्या राका कुंभाराची कथा महिपतींनी १७६२ साली लिहिलेल्या 'भक्तविजया'त सांगितली आहे. मी ती लहानपणी शेजारच्या वारकरी आजोबांकडून ऐकली. राकानं कच्ची मडकी आव्यात रचली. त्यातल्या एका मडक्यात मांजर व्याली होती, त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं आवा पेटवला. मग मांजर आली आणि ओरडत त्या आगीभोवती फिरू लागली, तेव्हा त्याला कळलं. हा माणूस विठ्ठलापुढं रडला. पिल्लं वाचली तर संसार सोडीन, म्हणाला. आवा उघडला तर ते एक मडकं कच्चंच होतं आणि पिल्लं जिवंत. राकानं आपला शब्द पाळला.

लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा. आता दुसरीच गोष्ट दिसते. राकाचाही काही वाईट हेतू नव्हता. तो आपलं रोजचं काम करत होता. पण मडक्यात न बघता आवा पेटवला ही चूक आपली, असं त्यानं मान्य केलं आणि तिची किंमत द्यायला तो तयार झाला. मांजरानं कुठं पिल्लं घालावीत, असं तो म्हणाला नाही. आणि त्याला सावध केलं ते आगीभोवती फिरणाऱ्या आईनं. पक्षिणी फडफडत होती, भाटी वाढ्यांच्या ढिगाला चकरा मारत होती, राकाची मांजर आव्याभोवती. तवाफ हा शब्द मी वर्गात शिकवतो तेव्हा आता मला काबागृहाबरोबर तो गोठाही दिसतो. हे कुणाला खटकलं तर माफ करावं.

राहिलेलं एक पिल्लू जगलं. चौदाव्या रोज्याला त्याचं वजन साडेसतरा तोळे होतं, ईदच्या दिवशी, ११ एप्रिलला, चौतीस तोळे. काळा, पांढरा, तांबूस असे तीन रंग. डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "तीन रंगांची म्हणजे भाटीच. असा बोका क्वचित निघतो." ईदला शीरखुर्म्याच्या वासानं ती ओट्याखालून डुलत बाहेर आली. लेकीनं तिचं नाव ठेवलं बताशा. सहा महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला सोलापूरला नेऊन शस्त्रक्रिया करून आणली. मांजर सहा महिन्यांच्या आतही गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा. टाकून दिलेल्या पिल्लांची बहुतेक खोकी इथूनच सुरू होतात.

कारण सगळीच पिल्लं आईच्या फेरीत सापडलेली नसतात. गोणीत बांधून कालव्याकडेला सोडलेलीही असतात. ज्यांना वाटतं की मुक्या जनावराला टाकलं तर कोण विचारतं, त्यांच्यासाठी सांगतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे आणि त्याच्या कलम ११ प्रमाणं, भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. आणि ज्याला कायद्याची भीती नाही, त्याच्यासाठी ती बाई आहेच.

आता मी वर्गात दोन्ही हदीस सांगतो, आधी पक्षिणीची, मग बाईची. त्यानंतर फळ्यावर लिहितो. पिल्लं दिसली तर हात लावू नका. स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळच असते. लांब जाऊन दोन-तीन तास बघा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणार नाही. आसपासच्या घरी विचारा. कुत्री जवळ आली, पाऊस आला, पिल्लू थंड पडलं किंवा जखमी असेल तरच उचला. उचललं तर आधी ऊब, मग डॉक्टर, मग दूध. गाईम्हशीचं दूध नाही. मुलं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत हे येणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत पाचवीतला एकजण स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं.

"सर, पाण्याच्या टाकीमागं पिल्लं आहेत. तीन. डोळे उघडलेले नाहीत."

"आणलीस का?"

"नाही सर. आई येते का ते बघतोय. आमच्यातला एक तिकडं लांब बसलाय. त्याला डबा नेऊन देऊ का?"